सह्याद्रीच्या पठारावर हॅम रेडिओचे फिरते केंद्र कसे उभारावे

शहरातील इमारतीतून हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून केला जाणारा बिनतारी संपर्क, चालवणाऱ्यांना अलीकडे सर्वाधिक त्रास होतो तो विद्युत गोंगाटाचा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची नियंत्रणे, गच्चीवरील सौर पॅनेलचे इन्व्हर्टर ही सारी उपकरणे लघुलहरींच्या पट्ट्यात अखंड खरखर सोडत असतात, आणि चाळीस मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) कोणी बोलत नसतानाही सेटवरील, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या यंत्रावरील, संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस मापकाचा काटा एस-७ किंवा एस-८ वर ठाण मांडून बसलेला दिसतो. वस्तीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असलेल्या पठारावर तोच काटा बऱ्याचदा एस-१ ते एस-२ च्या आसपास उतरतो. एस मापनातील एक पायरी म्हणजे ६ डेसिबेल. घरातील १०० वॅटचा सेट ठेवून २० वॅटचा छोटा सेट पाठीवर घेतला, तर प्रक्षेपणात सुमारे ७ डेसिबेल, म्हणजे एका पायरीहून थोडे अधिक, आपण गमावतो. मात्र ऐकण्याच्या बाजूने पाच-सहा पायऱ्या कमावतो. समोरच्याचे ऐकूच आले नाही तर आपल्या वॅटचा उपयोग काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा व्यवहार किती फायद्याचा आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

या कामाला दुसरेही एक मोल आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून हौशी रेडिओ चालवण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कसाधने कोलमडली, आणि छंदासाठी नेलेले तेच केंद्र बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवण्याच्या कामी आले. ते केंद्र त्या दिवशी तयार स्थितीत होते, चालवणाऱ्यांना त्याची सवय होती, म्हणूनच ते उपयोगी पडले. त्यामुळे फिरत्या केंद्राचा विचार करताना कोणता सेट घ्यावा हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. पहिला क्रम अँटेनाचा, दुसरा विजेच्या पुरवठ्याचा, आणि सेटचा तिसरा.

परवाना आणि परवानग्या

भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३ ने सुरू होणारे आणि जनरल श्रेणीला व्हीयू२ ने सुरू होणारे कॉल साइन (केंद्राचे ओळखनाव) साधारणपणे दिले जाते. जनरल श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीचीही परीक्षा असते. परवान्यात केंद्राचा पत्ता नोंदवलेला असतो. त्या पत्त्याबाहेरून प्रक्षेपण करण्यासंबंधी आपल्या परवान्यात कोणत्या अटी आहेत, आगाऊ कळवावे लागते का, कॉल साइनला काही जोडावे लागते का, हे निघण्यापूर्वी नीट वाचून घ्यावे आणि परवान्याची प्रत सामानातच ठेवावी. सोबतच्या मित्रांकडे परवाना नसेल तर त्यांनी खांब धरावा, नोंदी कराव्यात, मनसोक्त ऐकावे. मायक्रोफोन मात्र परवानाधारकानेच हाताळावा.

जागेची परवानगी हा वेगळा विषय आहे आणि आपल्याकडे तो विशेष जपून हाताळावा लागतो. महाराष्ट्रातील उंच जागा म्हटल्या की प्रथम गड आठवतात. परंतु अनेक गड संरक्षित स्मारके आहेत. जुलै २०२५ मध्ये साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा किल्ले तमिळनाडूतील जिंजीसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अशा ठिकाणी बुरुजाला दोरी बांधणे, तटाच्या सांध्यात खुंटी ठोकणे या गोष्टी कोणत्याही कारणाने करू नयेत, आणि लेखी परवानगीशिवाय तेथे खांब उभारू नये. माझा स्पष्ट सल्ला असा की गड सोडून जवळचे एखादे मोकळे माळरान, एखाद्या शेतकऱ्याचे खाजगी पठार किंवा गावाच्या वरची टेकडी निवडावी. मालकाला आधी भेटून काय करणार ते सोप्या शब्दांत सांगावे, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना कल्पना द्यावी. तार, खांब आणि कानाला हेडफोन लावून बसलेला अनोळखी माणूस पाहिला की गावकऱ्यांना शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती आधीच दूर केलेली बरी. वनखात्याच्या हद्दीत किंवा अभयारण्यात जायचे असेल तर त्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. लष्करी किंवा नौदलाच्या आस्थापनांच्या परिसरात हा उद्योग अजिबात करू नये.

जागा पारखणे

कोणत्या बँडवर काम करायचे यावर जागेची निवड अवलंबून असते. दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे तेथे उंची हेच भांडवल असते. भोवतालच्या प्रदेशापासून आपली उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे रेडिओचे क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळते. सातशे मीटर उंचीवरून हे अंतर सुमारे १०९ किलोमीटर येते, आणि समोरचा माणूसही डोंगरावर असेल तर दोघांची अंतरे मिळवता येतात. हातातल्या पाच वॅटच्या सेटवरून घाटमाथा ते कोकण असे बोलणे कसे जमते, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. एक अडचण लक्षात ठेवावी. ज्या शिखरांवर दूरदर्शनचे किंवा मोबाइलचे मनोरे आहेत, उदाहरणार्थ सिंहगड, तेथे त्या शक्तिमान प्रक्षेपणांमुळे हातातल्या स्वस्त सेटचा ग्राहक भाग दबून जातो आणि उंची असूनही काही ऐकू येत नाही. मनोऱ्यापासून काही अंतर खाली, डोंगराच्या आडोशाला गेल्यास फरक पडतो.

लघुलहरींवर, म्हणजे चाळीस किंवा वीस मीटरवर, शिखर आवश्यक नसते. तेथे संपर्क आयनावरणावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन होतो, त्यामुळे खोऱ्यातले सपाट शेतही उत्तम चालते. वीस ते पंचवीस मीटर लांबीची मोकळी पट्टी, वर किंवा जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा नसणे, आणि बसायला सावली, एवढे पाहावे. विजेच्या तारांबाबत कोणतीही तडजोड करू नये: खांब कोणत्याही बाजूला पूर्ण पडला तरी त्याचे टोक आणि त्याला बांधलेली तार विजेच्या वाहिनीपर्यंत पोहोचता कामा नये, एवढे अंतर पायाने मोजून घ्यावे.

सह्याद्रीत आणखी एक धोका आहे. कड्यांच्या कपारींत आणि मोठ्या झाडांच्या फांद्यांखाली आग्या मोहोळे असतात. झाडावरून दोरी नेण्यासाठी वजन फेकण्यापूर्वी ते झाड सर्व बाजूंनी निरखून पाहावे, आणि मोहोळ दिसले तर ती जागाच सोडावी. शेकोटी, धूर आणि उग्र वासाची अत्तरे टाळावीत.

अँटेना: चाळीस मीटरची उलटी व्ही

पहिल्या फिरत्या केंद्रासाठी मी डायपोलच (मध्यभागी केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांची, म्हणजे भुजांची, अँटेना) सुचवतो, आणि तोही मध्ये एकच खांब लागणारा, दोन्ही भुजा खाली उतरणारा, ज्याला उलटी व्ही म्हणतात तो. तो स्वस्त आहे, कसा चालतो ते डोळ्यांना दिसते, आणि ट्यूनरशिवाय, म्हणजे अँटेना सेटशी जुळवणाऱ्या वेगळ्या यंत्राशिवाय, काम देतो.

अर्ध्या लहरीच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा साधारण १०.०७ मीटर येते. तार म्हणून घरगुती वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची अनेक पदरी तांब्याची वायर उत्तम. तिच्यावरील प्लास्टिकच्या आवरणामुळे लागणारी प्रत्यक्ष लांबी हिशेबापेक्षा थोडी कमी भरते, शिवाय उलट्या व्हीचा कोन आणि जमिनीची जवळीक हीदेखील आकडा हलवतात. म्हणून सुरुवातीला प्रत्येक भुजा १०.४० मीटर कापावी आणि मग उभारून, मोजून कमी करावी.

मोजण्यासाठी नॅनोव्हीएनए हे हातात मावणारे यंत्र आता सहज मिळते. ते नसेल तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारे गुणोत्तर) मोजणारा मीटर आणि सेटची सर्वात कमी शक्ती एवढ्यावरही काम भागते. समजा, १०.४० मीटरच्या भुजांवर सर्वात कमी एसडब्ल्यूआर ६.९ मेगाहर्ट्झला मिळाला आणि आपल्याला तो ७.१ ला हवा आहे. तर १०.४० ला ६.९ ने गुणून ७.१ ने भागावे. उत्तर सुमारे १०.११ येते, म्हणजे प्रत्येक भुजेतून साधारण २९ सेंटिमीटर कमी करायचे. हे २९ सेंटिमीटर लगेच कापू नयेत. तार टोकाच्या इन्सुलेटरमधून मागे वळवून स्वतःवरच गुंडाळावी. दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या जमिनीवर, थोडी लांबी पुन्हा सोडावी लागते, आणि कापलेली तार परत जोडण्यापेक्षा गुंडाळलेली उलगडणे केव्हाही सोपे. एसडब्ल्यूआर १.५ पर्यंत आला की थांबावे. १.५ ला केवळ ४ टक्के शक्ती परत येते, २ ला सुमारे ११ टक्के, तो १.१ करण्यासाठी तासभर घालवण्यात अर्थ नाही. तीनच्या पुढे मात्र बहुतेक सेट स्वतःच शक्ती कमी करतात, तेव्हा तेथे प्रक्षेपण करू नये.

मध्यभागी दोन्ही भुजा आणि कोॲक्स केबल (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली) जेथे मिळतात तेथे चोक, म्हणजे जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी, हवाच. कोॲक्सच्या बाहेरील जाळीवरून परत येणारा रेडिओ प्रवाह सेटपर्यंत पोहोचला, की मायक्रोफोनला ओठ लागताच चटका बसतो, आवाज विकृत होतो आणि ऐकतानाही गोंगाट वाढतो. एफटी-२४०-४३ या फेराइट कड्यावर बारीक कोॲक्सचे दहा-बारा वेढे घेतले, की या बँडसाठी पुरेसा चोक तयार होतो. तो पाणी आत न जाणाऱ्या झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसवावा आणि डबीच्या डोक्यावर खांबाला अडकवण्यासाठी एक कडी ठेवावी. वजनाचा ताण कडीवर आणि दोरीवर यावा, सोल्डरवर नव्हे. भुजांच्या तारा डबीबाहेर एक गाठ मारूनच आत न्याव्यात.

कोॲक्समध्ये आरजी-५८ हा मध्यम मार्ग आहे. सात मेगाहर्ट्झला तिच्या दहा मीटर लांबीत अर्ध्या डेसिबेलहूनही कमी शक्ती वाया जाते. तीच दहा मीटर लांबी १४५ मेगाहर्ट्झला मात्र सुमारे दोन डेसिबेल खाते, म्हणून दोन मीटरसाठी केबल जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवावी. फार बारीक आरजी-१७४ पाठीवर हलकी वाटते, पण लांबी वाढली की तिचा तोटा चांगलाच जाणवतो.

खांबासाठी दहा मीटरचा, एकात एक सरकणारा फायबरग्लासचा खांब सर्वांत सोयीचा. वरचा अगदी बारीक भाग वजन पेलत नाही, म्हणून तो काढून नऊ मीटर वापरावा. मासेमारीच्या दांड्यांपासून खांब करणाऱ्यांनी ती दांडी कार्बन फायबरची नाही याची खात्री करावी, कारण कार्बन विद्युतवाहक असतो आणि अँटेनाचे सारे गणित बिघडवतो. फायबरग्लास मिळाला नाही तर गावातून उंच, सरळ, वाळलेला बांबू घ्यावा. सहा-सात मीटरवरही ही अँटेना छान चालते.

आता उभारणी. आपल्या पठारांवर अनेकदा वीतभर मातीखाली काळा बसाल्ट किंवा जांभा लागतो, तंबूच्या खुंट्या आत जात नाहीत. अशा वेळी रिकाम्या कापडी पिशव्या सोबत न्याव्यात, त्या जागेवर दगडांनी भराव्यात आणि ताणाच्या दोऱ्या त्यांना बांधाव्यात. नैसर्गिक मोठे धोंडे असतील तर दोरीचा फास पुरतो. झुडपांना, विशेषतः कारवीला, दोरी बांधू नये. ती ताण पेलत नाही आणि तिचे नुकसान होते. खांबाच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर तीन दोऱ्या, एकमेकींपासून १२० अंशांवर, बांधाव्यात आणि त्यांचे खालचे टोक खांबाच्या बुंध्यापासून साडेचार ते पाच मीटरवर ठेवावे. दोरी गवंडी वापरतात तशी पक्की नायलॉनची, शक्यतो पिवळी किंवा भगवी असावी, म्हणजे गवतात दिसते.

दोन माणसे असतील तर काम सरळ आहे: एकाने बुंधा पायाने दाबून धरावा, दुसऱ्याने दोऱ्या एकेक करून ताणाव्यात. एकट्याने उभारायचे असल्यास आधी तिन्ही पिशव्या जागेवर ठेवून दोन दोऱ्या मोजलेल्या लांबीवर बांधून टाकाव्यात, मग खांब त्या दोन दोऱ्या ताणल्या जाईपर्यंत उभा करावा आणि तिसरी हाताने ओढून बांधावी. खांब सरकवताना प्रत्येक सांधा हलके पिळून घट्ट करावा. सांध्याखाली चिकटपट्टीचा एक वेढा दिला तर वाऱ्यात खांब आत घसरत नाही. जोरदार वाऱ्याच्या पठारावर एखाद-दोन भाग न उघडता खांब आखूडच ठेवावा.

माथा नऊ मीटरवर आणि भुजांची टोके अडीच मीटरवर ठेवली, तर प्रत्येक टोक खांबापासून सुमारे पावणेआठ मीटर दूर येते आणि माथ्याचा कोन साधारण शंभर अंशांचा होतो. तो नव्वद अंशांहून कमी होऊ देऊ नये. टोकापासून दोरी त्याच रेषेत पुढे नेऊन खांबापासून पावणेअकरा मीटरवर बांधावी. टोके अडीच मीटरवर का, तर प्रक्षेपणाच्या वेळी तेथे सर्वाधिक व्होल्टेज असते आणि कमी शक्तीवरही स्पर्श झाल्यास त्वचा भाजते. गुरे, मुले आणि डोके वर न करता चालणारे ट्रेकर या सर्वांचा विचार करून दोऱ्यांना कापडाच्या रंगीत पट्ट्या बांधाव्यात.

नऊ मीटर ही उंची चाळीस मीटर बँडच्या लहरीच्या पाचव्या हिश्शाएवढी असते. त्यामुळे बरीचशी शक्ती सरळ वर जाते आणि आयनावरणावरून परतून भोवतालच्या काहीशे किलोमीटरच्या परिसरात छत्रीसारखी उतरते. डोंगराआडचे गावही तिच्या कक्षेत येते, जेथे दोन मीटरचा सेट हतबल असतो. पुण्याजवळच्या खोऱ्यातून दिवसा नाशिक, कोल्हापूर, बेळगाव, हैदराबाद मिळवायचे असेल तर अँटेना आणखी उंच नेण्याची गरजच नाही. पूर किंवा दरड यांसारख्या प्रसंगी जिल्ह्या-जिल्ह्यांत संपर्क ठेवायचा असतो तोही नेमक्या याच अंतरांत, म्हणून या बुटक्या अँटेनाबद्दल मला विशेष आस्था आहे. अंधार पडल्यावर आयनावरण विरळ होते, जवळची केंद्रे चाळीस मीटरवरून नाहीशी होतात आणि दूरची ऐकू येऊ लागतात. ते सेटमधील बिघाडाचे लक्षण समजू नये.

दूर देशांची हौस असेल तर वीस मीटर बँड घ्यावा. ७१.५ ला १४.२ ने भागून ५.०३ मीटरची उभी तार खांबाला लावावी आणि तितक्याच लांबीच्या किमान चार तारा जमिनीवर चहूकडे पसराव्यात. आपली कोरडी खडकाळ जमीन वाईट वाहक आहे, म्हणून या पसरलेल्या तारांमध्ये कंजुषी करू नये. ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावून एका टोकाकडून चालवलेली सुमारे वीस मीटरची तार चाळीस, वीस, पंधरा आणि दहा या चारही बँडांवर चालते आणि झाडावरून टाकायला सोपी असते. ती दुसऱ्या टप्प्यावर जरूर करावी.

वीज

हौशी सेट साधारणपणे १३.८ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेले असतात. फिरत्या केंद्रासाठी आज लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सर्वांत योग्य आहे: चार घटकांची मिळून १२.८ व्होल्टची, आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ च्या आसपास टिकून राहणारी. यूपीएसमधील ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी स्वस्त असते, परंतु वजन दोन किलोंहून अधिक आणि निम्म्याहून जास्त वापरली की तिचे आयुष्य घटते, म्हणजे हाती येतात साडेतीन अँपिअर-तास.

किती मोठी बॅटरी लागेल ते अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावे. वीस वॅटचा सेट ऐकताना सुमारे ०.६ अँपिअर आणि आवाजाने बोलताना सरासरी ४ अँपिअर घेतो असे धरू. तासातील एक-पंचमांश वेळ बोलण्यात गेला, तर ०.८ गुणिले ०.६ अधिक ०.२ गुणिले ४, म्हणजे ताशी सुमारे १.३ अँपिअर-तास. पाच तासांना साडेसहा. दहा किंवा बारा अँपिअर-तासांची बॅटरी दिवसभर निश्चिंत ठेवते. एफटी-८ सारख्या डिजिटल पद्धतीत मात्र सेट निम्मा वेळ पूर्ण शक्तीवर असतो. तेव्हा खर्च दुप्पट-अडीचपट धरावा, आणि सेट तापू नये म्हणून शक्ती निम्म्यावर आणावी. शंभर वॅटचा सेट पूर्ण शक्तीवर वीस अँपिअरच्या घरात घेतो, हे तो पाठीवर घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

अनेकांचे केंद्र बॅटरीत जीव असूनही बोलताना बंद पडते, याचे कारण बहुधा बारीक वायर असते. एक चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर लांब जोडीत जाऊन-येऊन चार मीटर तांबे येते. वीस अँपिअरला तेथेच सुमारे दीड व्होल्ट गळतो. अडीच चौरस मिलिमीटर घेतल्यास ही गळती ०.६ व्होल्टवर येते. वायर जाड आणि आखूड असावी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, धन टोकावर असावा. लिथियम बॅटरीचे टोक शॉर्ट झाले तर क्षणात वायर लाल होते, तेव्हा पिशवीत टाकतानाही टोके झाकलेली हवीत. उलट जोडता येणारच नाही असे कनेक्टर सर्वत्र एकाच जातीचे वापरावेत.

घडीचे सौर पॅनेल दोन दिवसांच्या मुक्कामासाठी उपयोगी आहे, परंतु त्यासोबतचे काही चार्ज कंट्रोलर लघुलहरींवर भरपूर खरखर करतात. ज्या गोंगाटापासून आपण पळून आलो तो पाठीवर बांधून नेऊ नये. घरीच सेट बॅटरीवर लावून, कंट्रोलर शेजारी ठेवून ऐकून पाहावे.

केंद्र सुरू करणे

जागेवर पोहोचल्यावर क्रम ठरलेला असावा. आधी खांब आणि अँटेना, मग कोॲक्स, मग सेटला कोॲक्स, आणि सर्वांत शेवटी वीज. काळा सेट उन्हात ठेवू नये, सावली अँटेनाखाली नसेल तर केबल लांबवून सावलीकडे जावे. सेट सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त ऐकावे. बँडवर कोण आहे, आवाज कुठून येतात, सकाळचे नेट (एका नियंत्रकाच्या देखरेखीखाली रेडिओवर जमणारी मंडळी) कोणत्या वारंवारतेवर चालू आहे, हे कळल्यावर मोकळी जागा शोधून ती वापरात आहे का असे विचारावे आणि मगच सीक्यू, म्हणजे कोणीही उत्तर द्यावे अशी हाक, द्यावे. भारतात चाळीस मीटरचा हौशी पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे, त्याच्या वर जाऊ नये. नेट चालू असेल तर नियंत्रकाने बोलावल्यावर आपले कॉल साइन, ठिकाण आणि शक्ती स्पष्ट सांगावी. 'बॅटरीवर, पठारावरून, वीस वॅट' एवढे ऐकले की लोक आवर्जून कान देतात.

नोंदी कागदावर, पेन्सिलने कराव्यात. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून लिहावी. ठिकाण सांगण्यासाठी ग्रिड लोकेटर (जगाच्या नकाशावरील चौकोनाचा संकेत) सोयीचा: पुणे शहर एमके६८ मध्ये येते, मुंबई एमके६९ मध्ये. आपल्या पठाराचा लोकेटर घरूनच पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

हंगामाचेही भान हवे. अमेरिकेत १९३३ पासून चालत आलेला फील्ड डे, म्हणजे मोकळ्यावर फिरती केंद्रे उभारण्याचा उपक्रम, जूनच्या अखेरीस असतो, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस लागलेला असतो. आपला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मधील वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात दुपारनंतर आकाशावर सतत नजर ठेवावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी संपर्क अर्धवट सोडून सेटची केबल काढावी आणि उघड्या माथ्यावरून खाली यावे. खांब उतरवायला थांबू नये. ढग दूर असतानाच रेडिओत कडकड ऐकू येऊ लागते, ती पहिली सूचना समजून आवराआवर सुरू केली तर अशी घाई होत नाही.

आवरताना उलट क्रम: प्रथम वीज, मग केबल, मग भुजा, शेवटी खांब. तार हातावर गोल गुंडाळू नये, पुढच्या वेळी तिचा गुंता होतो. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या फळीवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळावी आणि दोन्ही भुजांच्या फळ्या वेगळ्या ठेवाव्यात. पिशव्यांतले दगड मूळ जागी टाकावेत, दोरीचा तुकडाही मागे ठेवू नये. घरी आल्यावर खांबाचे सर्व भाग वेगळे करून आतील धूळ ओल्या कापडाने पुसावी, नाहीतर सांधे अडकतात. कोॲक्सच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर मल्टिमीटरवर तपासावेत. बॅटरी त्याच रात्री भरावी, आणि फ्यूज, चिकटपट्टी, पेन्सिल यांपैकी जे वापरले गेले ते पिशवीत परत भरूनच पिशवी जागेवर ठेवावी.